मारुती ८०० ची बसलेली बॅटरी

मे महिन्यात सकाळी चावी फिरवली तर आमची जुनी मारुती ८०० नुसती 'कट-कट' करून गप्प. शेजारचे काका म्हणाले, "बॅटरी गेली, नवीन टाक." मी आधी बॉनेट उघडलं. प्लस टर्मिनलवर हिरवट-पांढरा बुरा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगलेला. १० नंबरच्या पान्याने आधी मायनस काढला, मग प्लस (उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी ठरलेली). गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासलं, फसफसून सगळं निघालं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं; बोअरचं मुळीच नको. गाडी सुरू!

पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मल्टिमीटर लावला: ११.८ व्होल्ट, पाहिजेत १२.६ च्या आसपास. ढकलून सुरू केल्यावर १४.१, म्हणजे अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) ठणठणीत, बॅटरीच दमलेली. चार उन्हाळे काढले होते बिचारीने सोलापुरात. काकांचं बरोबर होतं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सात रस्त्याला ३५ अँपिअर-अवर क्षमतेची नवीन घेतली, जुनी दिल्यावर पैसे कमी झाले. प्लस कोणत्या बाजूला आहे ते दुकानातच बघा, नाहीतर वायर पोचत नाही. बसवताना आधी प्लस, मग मायनस, वरून व्हॅसलीनचा हात.