कालीमंतानच्या आतल्या गावात राहायला जायचंय? आधी पाणी विचारा

मी यावल तालुक्यातला. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या समारिंडा शहरात दोन वर्षं मशिनरी मेंटेनन्सच्या कामाला होतो आणि त्या काळात सोबतच्या एका दायाक, म्हणजे तिथल्या मूळ जमातीतल्या, मित्राच्या गावी तीनदा राहून आलो, सगळ्यात जास्त मुक्काम सव्वीस दिवसांचा. परत आल्यापासून फैजपूर, सावदा, पार धुळ्यापर्यंतची पोरं फोन करतात की भाऊ, आम्हालाबी जायचंय, कसं जायचं सांगा. आणि पहिला प्रश्न ठरलेला, तिकडे वाघ असतात का. बोर्निओ बेटावर वाघ नाही, इंडोनेशियातला वाघ सुमात्रात आहे. विचारायचं ते पाण्याचं, की नदीला आत्ता पाणी किती आहे. गावाचा रस्ता, बाजार, दवाखाना, शाळेतल्या मास्तरांचं येणंजाणं सगळं नदीवरून चालतं, त्यामुळे हे एक समजलं की बाकीची तयारी आपोआप सुचत जाते.

कालीमंतान म्हणजे बोर्निओचा इंडोनेशियाकडचा भाग, आणि महाकाम ही त्याच्या पूर्वेकडची साधारण ९८० किमी लांबीची नदी. विमानानं बालिकपापानला उतरायचं, तिथून समारिंडा टोल रोडनं शंभर किमीच्या आत. व्हिसा आपल्याला विमानतळावर मिळतो, ३० दिवसांचा, फी ५ लाख रुपिया, आकडा ऐकून घाबरू नका, आपले अडीच-तीन हजार रुपये होतात, पण नियम बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आधी एकदा चेक करा. समारिंडाच्या सुंगाई कुंजांग बंदरावरून सकाळी सातच्या सुमारास वर जाणारी लाकडी बोट निघते, तिला नुसतं कापाल म्हणतात. खालच्या मजल्यावर बसायचं आणि वरच्या मजल्यावर गाद्यांची रांग. थोडे पैसे जास्त देऊन वरचीच गादी घ्या, कारण मेलाक या गावी पोचायलाच पूर्ण एक दिवस-रात्र जाते आणि त्याच्याही वर लाँग बागुनपर्यंत जायचं तर दीड-दोन दिवस. तेही पाणी असेल तर. पाणी उतरलं की कापाल अलीकडेच थांबते आणि पुढचा प्रवास छोट्या बोटींनी, दुप्पट-तिप्पट पैशांत.

या प्रवासात झोपून राहू नका. मुआरा कामान नावाचं गाव लागतं, तिथल्या परिसरात दगडी यूप म्हणजे यज्ञाचे खांब सापडले, मूलवर्मन राजाचे, साधारण इसवी सन ४०० च्या आसपासचे, पल्लव लिपीत आणि संस्कृत भाषेत कोरलेले. इंडोनेशियातले सगळ्यात जुने शिलालेख तेच धरतात, आता जकार्ताच्या म्युझियममध्ये आहेत, समारिंडाच्या विद्यापीठाला नावही मूलवर्मनचंच आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे का नाही असं मला बोटीत बसून फार वाटलं. पुढे मुआरा मुंताईला अख्ख्या गावाचे रस्ते लाकडी फळ्यांचे, उलीन नावाच्या लाकडाचे, ते पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही. नशीब असेल तर पेसूत दिसेल, नदीतला गोल डोक्याचा डॉल्फिन, आता शंभरपेक्षाही कमी उरलेत. मला एकदाच दिसला, तोही पाठ तेवढी.

लाँग बागुनच्या वर खरी परीक्षा. तिथे रिआम आहेत म्हणजे खडकांमधून उसळत जाणारं पाणी, रिआम उदांग आणि रिआम पांजांग ही दोन मोठी, त्यांच्या वर लाँग पाहांगाई गाव. पाणी फार कमी असलं तर खडक वर येतात आणि फार चढलं तर भोवरे, दोन्हीकडून अडचण. बोटवाला नाही म्हणाला तर नाही, त्याला जास्त पैसे दाखवून, विनवण्या करून बोट काढायला लावू नका, त्यात माणसं गेलेली आहेत. मी लाँग बागुनला तीन दिवस बसून होतो, रोज सकाळी विचारलं की उत्तर एकच, बेसोक. बेसोक म्हणजे उद्या, पण तो उद्या कधीचाही असू शकतो. म्हणून परतीच्या विमानाच्या आधी किमान पाच दिवस मोकळे ठेवा, ज्याला सुट्टी दहाच दिवसांची आहे त्यानं रिआमच्या वर जायचा विचारच सोडावा, मेलाकच्या आसपासची बेनुआक दायाक लोकांची गावं बघावीत, तीही सुंदर आहेत. आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या कमी पावसाच्या दिवसांत जाणं टाळा, पाणी उतरलेलं असतं, आणि २०१५ सारखं एल निनोचं वर्ष असलं तर जाळलेल्या रानाचा आणि पीट म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या जमिनीचा धूर इतका पसरतो की विमानंसुद्धा रद्द होतात.

गावात पोचलात की बॅग ठेवायच्या आधी केपाला देसाकडे जायचं. केपाला म्हणजे डोकं, आपल्या कपाळ-कपालावरूनच, देसा म्हणजे गाव, आपल्या देश शब्दावरून, मिळून गावाचा प्रमुख, आपला सरपंच. पाहुण्यानं चोवीस तासांच्या आत कळवायचं अशी पाटीच असते बऱ्याच गावांत. पासपोर्टची झेरॉक्स न्या, कुठल्या घरी राहणार ते सांगा, आणि जेवणा-राहण्याचे पैसे किती द्यायचे ते त्यांच्यासमोरच ठरवा, घरमालकाला थेट विचारलं तर तो संकोचानं काहीच सांगत नाही. सोबत साखर, कॉफी, चहा, मीठ, मुलांना वह्या-पेन न्या, लाँग बागुनच्या वर प्रत्येक वस्तूत बोटीच्या इंधनाचे पैसे मिसळलेले असतात, त्यामुळे दोन किलो साखरेची किंमत तिथे वेगळीच आहे. मोठ्या पुरुषाला बापाक किंवा पाक, बाईला इबू किंवा बू म्हणायचं, नुसत्या नावानं हाक नाही मारायची. चपला खाली काढायच्या, द्यायचं-घ्यायचं उजव्या हातानं. हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

घरं खांबांवर उंच. जुन्या काळी अख्खं गाव एका लांब घरात राहायचं, त्याला लामीन म्हणतात, आता बहुतेक जण वेगवेगळ्या घरांत राहतात आणि लामीन सण-सभांना वापरतात. चढायला काही ठिकाणी अजून अख्ख्या खोडाला खाचा पाडून केलेली शिडी आहे, पावसात ती साबणासारखी होते, उतरताना तोंड शिडीकडेच ठेवा. मी तसं केलं नाही, नडगी फुटली आणि दोन दिवसांत पाय सुजला. दमट हवेत साधी जखमसुद्धा चिघळते. तिथल्या मांत्रीनं रोज ड्रेसिंग केलं म्हणून निभावलं. मांत्री म्हणजे आपला मंत्री नव्हे बरं का, गावातल्या नर्सिंगच्या माणसाला तिकडे मांत्री म्हणतात.

तब्येतीचं सगळ्यात जास्त मनावर घ्या. मलेरिया आतल्या भागात आहे, गोळ्या जाण्याआधीच सुरू कराव्या लागतात म्हणून महिनाभर आधी डॉक्टरला भेटा, धनुर्वात, टायफॉईड, कावीळ यांच्या लसींचंही विचारा. मच्छरदाणी स्वतःची न्या. अँटिसेप्टिक, पट्ट्या, ओआरएस, तापाच्या गोळ्या जास्तीच्या न्या, उरलेल्या मांत्रीला द्या. जळवा पाऊलवाटेवर असतात, पँट मोज्यात खोचा, चिकटली तर ओढू नका, कडेनं नखानं सरकवा, रक्त बराच वेळ वाहतं पण घाबरायचं काम नाही. परत आल्यावर चार-सहा महिन्यांनी जरी ताप आला तरी डॉक्टरला सांगा की मी तिकडे होतो, मलेरियाचा एक प्रकार लिव्हरमध्ये दबा धरून बसतो. आपल्याकडे नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना बोटीतून दवाखाना जातो, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाला हे पटकन कळेल, तिकडेही पेशंट हलवायचा तर बोट, आणि मोठं दुखणं असेल तर दाताह दावाई नावाच्या धावपट्टीवरून छोटं विमान, हवा चांगली असेल तर. इन्शुरन्स काढताना आजारी माणसाला हलवायचा खर्च त्यात आहे का ते वाचून घ्या.

उकाड्याचं म्हणाल तर आपण भुसावळचं ४५ डिग्री काढलेली माणसं, तिथे ३२-३३ च्या वर क्वचित जातं. पण घाम वाळतच नाही. आपल्या जळगावला वर्षाचा पाऊस सातशे मिमीच्या आसपास, तिथे वरच्या भागात तीन हजारांच्या घरात, आणि ठरलेला पावसाळा असा नाही, बाराही महिने कधीही कोसळतो. कपडे चार दिवस वाळत नाहीत, कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी येते. आईनं डबा भरून दिलेल्या बिबड्या दुसऱ्याच दिवशी सादळल्या, त्यामुळे तसलं काही नेऊ नका, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लाल मिरचीचा सुका ठेचा घट्ट झाकणाच्या बाटलीत टिकतो. जीन्स नको, पातळ वाळणारे कपडे दोन जोड, लुंगी नक्की, आणि सगळं आधी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून मग बॅगेत. बियाणं आणि ताजी फळं अजिबात नेऊ नका, विमानतळावर अडवतात, आणि आपल्याकडचा रोग तिकडच्या रानात जाऊ नये हेही आहेच.

अंघोळ नदीवर. काठाला लाकडी तराफा बांधलेला असतो, त्यावरच धुणं, भांडी, अंघोळ, आणि जुन्या घरांचा संडासही तिथेच छोट्या खोपट्यात, खाली थेट नदी. म्हणून कुठला तराफा कशाला ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि काठावर मगरीचं भय कुठे आहे तेही. पुरुष लुंगीवर, बाया सारोंग छातीपर्यंत बांधून, कपडे काढून पाण्यात उतरायचं नाही. प्यायला पत्र्यावरून ड्रममध्ये धरलेलं पावसाचं पाणी, तेही उकळून. नदीचं पाणी वर जंगल तोडल्यामुळे चहासारखं गढूळ झालंय, म्हाताऱ्या माणसांना ते स्वच्छ असलेलं आठवतं आणि ते सांगताना ते नदीकडे बघत नाहीत, मला ते फार लागलं.

जेवण तिन्ही त्रिकाळ भात. सोबत नदीचा मासा, कसाव्याची कुटलेली पानं, नेच्याचे कोवळे कोंब, बांबूचे कोंब, सणाला डुक्कर. तिखट आहे, सांबाल म्हणजे आपल्या ठेच्याचा भाऊच, पण त्यात बहुतेक वेळा तेरासी म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो, माळकरी माणसानं विचारूनच घ्यावं. शाकाहारी असाल तर "साया तिदाक माकान दागिंग, तिदाक माकान इकान" हे वाक्य पाठ करा, मांस खात नाही, मासा खात नाही. मग ते अंडं, भात, पाला देतात, वाईट वाटून घेत नाहीत. मात्र एक लक्षात ठेवा. कालीमंतानमध्ये केपुहुनान नावाची समजूत आहे, कुणी खाणंपिणं पुढे केलं आणि तुम्ही त्याला न शिवता निघालात तर वाटेत काहीतरी विपरीत घडतं. त्यामुळे खायचं नसलं तरी बोट लावायचं, पदार्थाला नाहीतर भांड्याला, आणि मग आभार मानायचे. घरातले लोक किती निर्धास्त होतात ते चेहऱ्यावर दिसतं.

केळी मात्र मनसोक्त. पिसांग म्हणजे केळ, आणि केळीचं मूळ घर याच बाजूला, आग्नेय आशिया ते न्यू गिनी. रानात बियांची केळी दिसली, दाताखाली काळ्या कडक बिया येतात, आपल्या टिश्यूकल्चरच्या जी-नाईन जातीच्या केळीचे हे पूर्वज बघून माझ्यासारख्या केळीवाल्याच्या पोराला काय वाटलं असेल ते यावल-रावेरचा माणूसच समजेल.

भाषेला भिऊ नका, कितीतरी शब्द ओळखीचे निघतात. नामा, बाहासा, गुरू, सुआमी म्हणजे नवरा, इस्त्री म्हणजे बायको, हार्गा म्हणजे किंमत, बीजी म्हणजे बी, मादू म्हणजे मध. चाहाया म्हणजे मात्र उजेड, आपल्या छायेच्या उलटं. दिशा पूर्व-पश्चिम सांगत नाहीत, हुलू म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला आणि हिलीर म्हणजे खालच्या. धर्म विचारतात, मोकळेपणानं सांगा, त्यात वाकडं काही नसतं. वरच्या महाकामला बहुतेक जण कॅथलिक, आणि बेनुआक लोकांत जुना काहारिंगान धर्म अजून पाळतात, १९८० पासून तो सरकारदरबारी हिंदू धर्मात धरला जातो.

राहायला गेलात तर कामाला हात लावा, नुसतं ओसरीवर बसून राहिलेला पाहुणा कुणालाच कळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, साफ करून जाळलेल्या लादांगमध्ये म्हणजे डोंगरउतारावरच्या शेतात भात टोकतात, पुरुष ओळीनं टोकदार काठीनं भोकं पाडत पुढे आणि बाया मागून बी टाकत, आज याच्या शेतात उद्या त्याच्या, जेवण शेतमालकाचं. आपल्याकडची इर्जिक हीच. मी सरकी टोकलेली असल्यामुळे बी टाकायला बसलो तर बाया हसल्या आणि हातात काठी दिली. एक-दोन पिकं घेतली की जमीन काही वर्षं सोडून देतात, रान परत वाढतं. त्यांना जंगल जाळणारे म्हणून शहाणपण शिकवायला जाऊ नका, पिढ्यानपिढ्या त्याच डोंगरावर ते पिकवतायत.

लाईट कशी ते गावागावावर आहे, कुठे सोलर, कुठे जनरेटर संध्याकाळी सहा ते दहा, विषुववृत्त जवळ असल्यामुळे दिवस-रात्र बाराही महिने जवळपास सारखी. पॉवरबँक दोन न्या. रेंज गावातल्या एखाद्याच टेकाडावर, घरी आधीच सांगून ठेवा की आठ-दहा दिवस फोन नाही आला तरी काळजी करायची नाही. मेलाकनंतर एटीएमच्या भरवशावर राहू नका, छोट्या नोटा न्या.

लांब कानांच्या, हातापायावर गोंदलेल्या म्हाताऱ्या आजीबाई आता थोड्याच राहिल्यात, दिसल्या की लगेच मोबाईल वर करू नका. दोन-तीन दिवस बसा, बोला, मग विचारा. आणि फोटो काढले तर समारिंडाला प्रिंट करून सुंगाई कुंजांगला कापालवाल्याकडे द्या, पाकिटावर गावाचं नाव, घरच्या बापाकचं नाव आणि लाँग बागुनला कुणी उतरवून घ्यायचं ते लिहून, वर प्लास्टिक गुंडाळा. माझ्या पाकिटाला दीड महिना लागला, पण पोचलं.