दिवाळीच्या सेलचा रविवार: खरेदी अर्धा तास, बाकी दिवस चकल्यांचा

शनिवारी रात्री सगळ्यांनी बसून खरोखर लागणाऱ्या वस्तूंची यादी करा, शेजारी जास्तीत जास्त किंमत लिहा. रविवारी सकाळी एकानेच अर्ध्या तासात ती मागवायची. यादीबाहेरचं काही नाही. मग सगळ्यांच्या मोबाइलवरची शॉपिंग ॲपची नोटिफिकेशन्स बंद. हे करायचं राहिलं तर दर दहा मिनिटांनी कुणीतरी उठतंच.

आता चकल्या. 4 वाट्या भाजणीत तिखट, मीठ, ओवा, तीळ घाला. 4 वाट्या पाणी 4 मोठे चमचे तेल घालून उकळा, गॅस बंद करून भाजणी ढवळा आणि तासभर झाकून ठेवा. तेवढ्या वेळात आकाशकंदिलाचे कागद कापून होतात.

उकड पाण्याचा हात लावत मऊ मळा, पण सगळी एकदम नको. सोऱ्यात मावेल तेवढीच. चकली पाडताना तुटली तर पीठ कोरडं आहे, थोडं पाणी लावून परत मळा. तेलात विरघळली तर मोहन, म्हणजे पाण्यात घातलेलं तेल, जास्त झालंय. उरलेल्या उकडीत थोडी कोरडी भाजणी मिसळा.

मुलांना बटर पेपरच्या चौकोनांवर चकल्या पाडू द्या. वाकड्या झाल्या तरी चालतील, फक्त शेवटचं टोक दाबून चिकटवायला शिकवा, नाहीतर तळताना सुटतं. कढईपाशी मोठ्या माणसानेच उभं राहायचं. तेल आधी चांगलं तापवा, चकली सोडली की आच मध्यम करा. तेल फार कडक असलं तर चकली बाहेरून लाल होते आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडते. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा.

डब्यात भरायच्या त्या पूर्ण गार झाल्यावरच.