गावच्या शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समिती कामाला कशी लावावी

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीतल्या लहान गावात जिल्हा परिषदेची शाळा सुधारायची म्हटली, की पहिला विचार बहुधा रंगरंगोटीचा आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीचा होतो. देणगीदारालाही तेच आवडते, कारण त्यावर नाव लिहिता येते. चौथीतल्या किती मुलांना पुस्तक वाचता येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारण्याचा अधिकार गावाला शिक्षण हक्क कायदा, २००९ ने दिला आहे, आणि त्याचे साधन आहे शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. अनेक गावांत ती केवळ इतिवृत्त वहीवरच्या सह्यांपुरती उरली आहे.

प्रथम बैठकीची वेळ बदलावी. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी सुरू असताना दुपारी बारा वाजता बोलावलेल्या बैठकीला आया येणार नाहीत, हे उघड आहे. बैठक दिवेलागणीनंतर घ्यावी, आदल्या दिवशी दवंडी द्यावी आणि सही करण्यापूर्वी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावे. ही शेवटची सवय किरकोळ वाटली, तरी कागदावर काय लिहिले आहे ते सर्वांना कळते आणि पुढच्या बैठकीत कोणाला शब्द फिरवता येत नाही.

पहिल्या महिन्यातच प्रत्येक मुलाचे वाचन तपासावे. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत वापरले जाणारे साधन सोपे आहे: अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्या मुलापुढे ठेवायच्या, आणि ते कुठे अडते एवढेच नोंदवायचे. तपासणी शिक्षकांसोबत बसूनच करावी. त्यांना परीक्षेला बसवल्यासारखे वाटले, तर पुढचे सगळे काम अडेल. त्यानंतर रोज एक तास मुलांना इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवावे. दोनशिक्षकी शाळेत गट जास्त आणि माणसे कमी पडतात, म्हणून बारावी झालेल्या गावातल्याच मुलामुलींची मदत घ्यावी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी मुले असतील, तर घरची भाषा जाणणारी मोठी मुलगी लहान गटाजवळ असायलाच हवी. नाहीतर मूल अक्षरात अडले आहे की मराठीत, हे कळतच नाही. दर दोन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी.

शिक्षकाचे पद रिक्त असेल, तर तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही. प्राथमिक वर्गांत साठ मुलांपर्यंत दोन आणि एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन शिक्षक हे कायद्याच्या परिशिष्टातले प्रमाण आहे. हजेरीपटावरील संख्या, मंजूर पदे आणि रिक्त पदे लिहून समितीचा ठराव करावा, तो केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. समितीने करावयाच्या तीन वर्षांच्या शाळा विकास आराखड्यातही तीच मागणी नोंदवावी. स्वच्छतागृह, पाणी यांसारख्या गोष्टी ग्रामसभेत मांडून ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालाव्यात. पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या गावांना, राज्याच्या आदिवासी योजनेतून मिळणाऱ्या पाच टक्के अबंध (कामाचे बंधन नसलेल्या) निधीचाही विचार करता येतो.

कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीपूर्वीच करावी. मूल जिथे जाईल, तिथल्या शाळेला केवळ दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे.

पाचवीतल्या मुलांना जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवावे. तेथील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात. आठवीत एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसल्यास निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अभ्यासाइतकीच कागदपत्रांची तयारी येथे महत्त्वाची आहे: उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावाचे बँक खाते, आणि आधार व शाळेच्या नोंदीत नावाचे एकच स्पेलिंग. ही दुरुस्ती विदर्भात शाळा उघडतात त्या जूनअखेरीसच हाती घ्यावी.

गावातली शाळा संपल्यावर सर्वाधिक गळती मुलींची होण्याचा धोका असतो, आणि त्यामागे अनेकदा फक्त बसची वेळ असते. एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत मिळतो. पण शाळा पाचला सुटून बस चारला निघत असेल, तर पासचा उपयोग काय? अशा वेळी त्या मार्गावरील दोन-तीन गावांच्या समित्यांनी मिळून मुलींची संख्या, शाळेची वेळ आणि हवी असलेली बसची वेळ लिहिलेले एकच निवेदन आगारप्रमुखांना द्यावे, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी, आणि तालुका मागास तालुक्यांसाठीच्या राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात असल्यास मुलींसाठीच्या बसची मागणीही त्यातच करावी.