फॉरमॅट मारण्याआधी ॲक्टिव्हेशनचं पान बघा

विंडोज १० वरून ११ वर जाताना जुन्यावरच अपग्रेड केलं तर ॲक्टिव्हेशन (म्हणजे तुमचा विंडोजचा परवाना खरा असल्याची खातरजमा) सहसा आपोआप टिकतं. रडगाणं सुरू होतं ते डिस्क कोरी करून नव्यानं टाकताना. म्हणून आधी विंडोज १० वर सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन (११ वर सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन) उघडा आणि आवृत्ती होम आहे की प्रो, ते कागदावर लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल. परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला नसेल, तर तिथूनच जोडून टाका.

इन्स्टॉल करताना 'प्रॉडक्ट की', म्हणजे परवान्याचा कोड, मागितला तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' निवडा. डिजिटल परवाना, म्हणजे कोडाऐवजी मायक्रोसॉफ्टकडे तुमच्या मशीनच्या नावे असलेली नोंद, नेट मिळाल्यावर ओळखला जातो. पण आवृत्ती तीच हवी! होमचा परवाना असताना प्रो टाकलं की कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करण्याचा वॉटरमार्क येऊन बसतो. उलट गंमतही होते: लॅपटॉपच्या बायोसमध्येच (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) होमची की असेल, तर इन्स्टॉलर न विचारता होम टाकून मोकळा होतो. मग प्रोची की नंतर त्याच ॲक्टिव्हेशनच्या पानावर द्यायची.

मदरबोर्ड बदललाय? ॲक्टिव्हेशनच्या पानावरच्या ट्रबलशूटमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय धरा. मात्र लॅपटॉपसोबत आलेला ओईएम (कंपनीनंच घालून दिलेला) परवाना बहुधा जुन्या बोर्डाबरोबरच जातो.