डेट क्लॅशमध्ये चूक कोणाची? रॉ विरुद्ध नगेट्स वादात उतरायच्या आधी हे बघून घ्या

रेसलिंगचा शो एखाद्या अरेनातून उचलून दुसरीकडे नेला की फॅन लोकांत दोन पार्ट्या पडतात आणि दहाव्या मिनिटाला गाडी "तुमचं तर सगळं स्क्रिप्टेडच असतं ना" या स्टेशनवर येऊन थांबते, मग पुढे नुसता आरडाओरडा. तर असा वाद मुद्द्याला धरून कसा घालायचा ते सांगतो, आणि उदाहरण घेतो २५ मे २००९ चं, कारण एवढी स्वच्छ केस परत मिळणार नाही.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी पटकन: अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पेप्सी सेंटरमध्ये (आता त्याचं नाव बॉल अरेना) त्या सोमवारी डब्ल्यूडब्ल्यूई या रेसलिंग कंपनीचा दर आठवड्याचा टीव्ही शो, मंडे नाइट रॉ, होणार होता, तिकिटं विकली जात होती, आणि त्याच संध्याकाळी तिथेच एनबीएची, म्हणजे तिकडच्या बास्केटबॉल लीगची, डेन्व्हर नगेट्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स यांच्यातली वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलची (म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या फायनलची) चौथी मॅच येऊन बसली. एक अरेना, एक संध्याकाळ, दोन लाइव्ह टीव्ही कार्यक्रम. शेवटी रॉ गेलं लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरला.

आता पहिली गोष्ट, "खरा खेळ की खोटा खेळ" हा मुद्दा कोणी काढला की तिथेच कापा. अरेना भाड्याने देणारा माणूस संध्याकाळ विकतो, त्याला आत कुस्ती आहे की कीर्तन याच्याशी घेणंदेणं नसतं. आपल्याकडे नाट्यगृहाची रविवारची तारीख एखाद्या नाटकाला दिली आणि ऐन वेळी दुसऱ्या कार्यक्रमासाठी काढून घेतली तर आपण नाटक चांगलं आहे का हे विचारत नाही, तारीख आधी कोणाची होती ते विचारतो. इथेही तेच विचारायचं.

मग तारखा कागदावर मांडा. डब्ल्यूडब्ल्यूईने ही डेट धरली ऑगस्ट २००८ मध्ये, म्हणजे एनबीएचा सीझन सुरू व्हायच्याही आधी. आणि हे लपूनछपून नव्हतं, अरेनानेच दिलेली डेट होती. इथे एनबीएवाले म्हणतात की प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची) तारीख आधी कशी कळणार? बरोबर आहे, नेमकी तारीख कळत नाही, लेकर्स आणि ह्यूस्टनची सेमीफायनल सातव्या मॅचपर्यंत ताणली जाऊन १७ मे ला संपली आणि १९ ला पुढची सिरीज सुरू पण झाली, एवढ्या घाईत सगळं ठरतं. पण म्हणूनच तर टीमने आपल्या अरेनात मे-जूनच्या शक्य त्या संध्याकाळी आधीपासून अडवून ठेवायच्या असतात, त्याला तिकडे होल्ड म्हणतात. टीम हरली की होल्ड सोडायचा आणि डेट दुसऱ्याला द्यायची. त्यामुळे "आधी कसं कळणार" हे उत्तर होऊच शकत नाही, कळत नाही म्हणूनच तर होल्ड असतो.

आता यातला सगळ्यात मजेशीर भाग, आणि इथे जरा थांबा कारण बहुतेक लोक हे बघतच नाहीत. डेट दिली तेव्हा टीम कशी दिसत होती? २००४ ते २००८ सलग पाच वर्षं नगेट्स प्लेऑफला गेले आणि पाचही वर्षं पहिल्याच राउंडला बाहेर, २००८ ला तर लेकर्सनीच ४-० धुतलेलं. जुलै २००८ मध्ये त्यांनी मार्कस कॅम्बी हा आपला मोठा प्लेअर क्लिपर्स या टीमला जवळपास फुकटात देऊन टाकला, पगाराचा बोजा कमी करायला. कॉन्फरन्स फायनल त्यांनी शेवटची खेळलेली १९८५ ला. म्हणजे ऑगस्टमध्ये कॅलेंडर घेऊन बसलेल्या माणसाला २५ मे ला आपली टीम खेळत असेल असं वाटलं नसेल तर त्याच्या अकलेवर हसू नका, तुम्हीआम्हीपण तेच केलं असतं. मग नोव्हेंबरमध्ये आयव्हर्सन या प्लेअरच्या बदल्यात चॉन्सी बिलप्स हा प्लेअर आला आणि टीम एकदम ५४ मॅच जिंकून वेस्टमध्ये दुसरी. तर डब्ल्यूडब्ल्यूईचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमॅहॉनने जो टोमणा मारला की मालकालाच स्वतःच्या टीमवर भरवसा नव्हता, तो झोंबणारा होता पण ऑगस्टपुरता खराही होता. मात्र नोव्हेंबर ते मे मध्ये सहा महिने होते! बिलप्स आल्यावर, निदान मार्चमध्ये तरी, कोणीतरी उठून फोन करायला हवा होता की साहेब ही डेट हलवता येईल का. माझ्या मते खरी चूक ऑगस्टची नाहीच, चूक ती आहे, मार्च-एप्रिलची.

पुढचा प्रश्न, अरेनाचा मालक कोण. नगेट्स पण स्टॅन क्रोएंकेची आणि पेप्सी सेंटर पण त्याचंच (हो तोच, आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबवाला). हे कळलं की अर्धा वाद मिटतो, कारण मग "अरेनावाल्याने आम्हाला फसवलं" असं टीमला म्हणता येत नाही. अरेनावाला तूच आणि टीमवाला पण तूच. मालक वेगवेगळे असतात तिथे प्रकरण गुंतागुंतीचं असतं आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय त्यावर जातं, इथे ती सोय नव्हती. आणि कोणी म्हणालं की एवढं सांभाळणं अशक्य असतं तर त्याला मे २०१२ चं स्टेपल्स सेंटर दाखवा, लेकर्स, क्लिपर्स आणि हॉकीची किंग्ज, तिघांच्या मिळून चार दिवसांत सहा प्लेऑफ मॅच एकाच बिल्डिंगमध्ये झाल्या, बर्फावर लाकडी फ्लोअर टाक, परत काढ, झाल्या ना.

आणि "शो हलवला म्हणजे कोणाची तरी चूक असणारच" हे पण गृहीत धरू नका. त्याच्या आदल्याच दिवशी, २४ मे ला, आयपीएलची फायनल जोहान्सबर्गला झाली होती, अख्खी स्पर्धाच साउथ आफ्रिकेला नेलेली कारण लोकसभा निवडणुकीमुळे सिक्युरिटी मिळत नव्हती. तिथे एकच संध्याकाळ दोघांना विकलेली नव्हती. म्हणून आधी बघायचं की डेट दोनदा दिली गेली का, दिली असेल तरच बोट दाखवायचं.

इथपर्यंत रेसलिंगवाले खुश झाले असतील, तर आता त्यांच्यासाठी. चूक कोणाची हा एक प्रश्न आणि हलायचं कोणी हा वेगळा प्रश्न, आणि हे दोन्ही एकत्र केले की वाद कधीच संपत नाही. नगेट्सची होम मॅच डेन्व्हरच्या बाहेर नेली तर होम मॅचला अर्थच काय उरला, आणि समोरच्या टीमने काय पाप केलंय. रॉ मात्र दर सोमवारी नव्या गावात, ट्रक भरून रिंग, लाइट, स्क्रीन घेऊन फिरणारीच गोष्ट आहे, ती हलू शकते. त्रास होतो, पैसे जातात, पण हलू शकते. त्यात लेकर्स डेन्व्हरला गेलेले म्हणून त्यांचं स्वतःचं अरेना, म्हणजे हेच स्टेपल्स सेंटर, त्या दिवशी मोकळं! त्यामुळे हक्क डब्ल्यूडब्ल्यूईचा होता आणि हलायचं पण त्यांनीच होतं, दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, ज्याला हे पचत नाही त्याच्याशी वाद घालू नका.

अजून एक सावधगिरी. भांडण रिंगमध्ये गेलं की तिथून पुढचं पुरावा म्हणून वापरू नका. विन्सने त्या रात्री स्टेपल्समध्ये क्रोएंकेसारखा दिसणारा एक माणूस आणून त्याची टिंगल केली, रेसलर लेकर्स आणि नगेट्सच्या जर्सीत पाच विरुद्ध पाच अशी कुस्ती खेळले, सीना लेकर्सकडून आणि ऑर्टन नगेट्सकडून. धमाल होती. पण काही लोक अजून म्हणतात की विन्स मनापासून चिडला होता, बघा ना प्रोमो (माइक हातात घेऊन केलेलं भाषण). अरे बाबा, एवढी फुकटची पब्लिसिटी मिळाल्यावर कोण चिडेल, स्पोर्ट्सच्या बातम्यांत आठवडाभर त्याचंच चाललेलं. आणि उलट बाजूने "म्हणजे सगळा वादच बनावट होता" असंही नाही, डबल बुकिंग खरं होतं, नंतरचा तमाशा शो होता. मॅच म्हणाल तर ती नगेट्सनी १२०-१०१ जिंकली, सिरीज लेकर्सनी ४-२ घेतली, आणि याचा डेट कोणाची होती याच्याशी काडीचा संबंध नाही तरी प्रत्येक वादात कोणीतरी स्कोअर आणतोच.

शेवटी वादात ज्याचं नावच येत नाही तो, तिकीट काढलेला माणूस. असा शो हलला की रिफंड तिकिटाचा मिळतो, गाडीच्या पेट्रोलचा आणि हॉटेलचा नाही, आणि २५ मे ला तिकडे मेमोरियल डेची सुट्टी होती म्हणजे बाहेरगावाहून येणारे पण असणार. तुमच्या बाबतीत असं झालं तर आधी बघा की शो रद्द झालाय, पुढे ढकललाय की दुसऱ्या गावात नेलाय, कारण पुढे ढकलला तर बहुतेक वेळा जुनंच तिकीट चालतं आणि रिफंड मागायची मुदत कमी असते, तिकीट जिथून घेतलं तिथल्याच मेलवर लक्ष ठेवा आणि ब्लॅकने घेतलं असेल तर बसा बोंबलत.