पुरीम या ज्यू सणाच्या प्रार्थना कशा करायच्या
मेन गोष्ट मगिल्ला, म्हणजे एस्तेर राणीच्या गोष्टीची गुंडाळी, ती दोनदा ऐकायची, 14 अदार (ज्यू कॅलेंडरचा महिना) लागतो त्या रात्री एकदा नि सकाळी परत, जेरुसलेममध्ये हेच 15 ला. एकही शब्द सुटता कामा नये, म्हणून गोष्टीतल्या खलनायकाचं, हामानचं, नाव आलं की पोरं खुळखुळे वाजवतात तेव्हा वाचणारा थांबतो, आवाज बंद झाला की मगच पुढे. तरी शब्द हुकलाच तर हातातल्या पुस्तकातून पटकन वाचून वाचणाऱ्याला गाठा. अमिदात (उभं राहून म्हणायची मुख्य प्रार्थना) आणि जेवणानंतरच्या प्रार्थनेत 'अल हनिसीम' (चमत्कारांबद्दल आभार मानणारा मजकूर) जोडायचं, अमिदात विसरलात तरी टेन्शन नको, ती परत म्हणावी लागत नाही. हल्लेल (स्तुतीची स्तोत्रं) नसतं. सकाळी तोरामधला (ज्यूंचा धर्मग्रंथ) अमालेक या शत्रू जमातीशी झालेल्या लढाईचा भाग मात्र नक्की ऐका, छोटासाच आहे, आणि हामान त्याच वंशातला मानतात.