रासायनिक शेतीतून बाहेर पडताना आधी एकच तुकडा घ्या

सगळं शेत एका हंगामात बदलायला जाऊ नका. वर्षानुवर्षं युरियावर चाललेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडी-पाल्यातून मातीत साठणारा कार्बन) कमी उरलेला असतो. खत एकदम तोडलं की पीक पिवळं पडतं आणि माणूस धीर सोडतो. एक तुकडा निवडा, तिथली नांगरट थांबवा, खताची मात्रा हंगामागणिक उतरवत न्या.

आच्छादनाकडे, म्हणजे माती झाकणाऱ्या काडी-पाल्याच्या थराकडे, मात्र नीट लक्ष हवं. गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण साधारण 80:1 असतं. जिवाणूंना हवं असतं 24:1 च्या आसपास. नुसतं काड मातीत गाडलं, तर ते कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात. म्हणून काड वरच पसरा आणि जोडीला नत्र पुरवणारं ताग किंवा चवळीसारखं पीक घ्या. फुलोऱ्यावर येताच कापून जागीच आडवं करा. उशीर झाला तर खोड चिवट होतं.

फरक पडतोय का, हे घरी तपासता येतं. त्या तुकड्यातलं आणि न नांगरलेल्या बांधावरचं एकेक वाळलेलं ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्याच्या काचेच्या बरणीत सोडा. बांधावरचं सहसा बराच वेळ टिकतं, कारण मुळांनी आणि बुरशीने कण धरून ठेवलेले असतात. शेतातलं लगेच विरघळून तळाशी बसलं, तर नांगर अजून लांबच ठेवा.